मिशीवाली पाठराखीन

माझ्या थोरलीच्या लग्नात रुखवताच्या टेबलापाशी कोन कोन हजर व्हतं ते आधी सांगून टाकते, म्हंजी मागून कुनी म्हनायला नको की म्हातारीनं मनानंच जुळवलं. मी व्हते. माझी थोरली लेक कमल व्हती, नवरी. माझे मालक व्हते, पन त्यांला धरू नका, लेकीच्या लग्नात बापाला काय दिसतंय. शेजारची गयाबाई व्हती, तिला बोलावनं लागत नव्हतं, नुसता मांडव दिसला की बास. बिलोलीच्या इहीनबाई व्हत्या, नवरदेवाची आई. आन आमचे धाकले दीर व्हते, निदान मांडताना तरी, ज्यांच्यासाठी हे समदं सांगून राहिले.

दिराबद्दल एक गोष्ट मी कुनासमोरबी छाती ठोकून सांगते. साऱ्या उदगीर तालुक्यात त्यांच्याइतक्या मोटारी कुनाकडं नव्हत्या. आडतीवाल्यांकडं नव्हत्या, पुढाऱ्यांकडं नव्हत्या. आन त्यातल्या एकीतबी मानूस बसत नव्हता. इतभर लांबीच्या व्हत्या त्या, प्लास्टिकच्या, अमेरिकेतल्या जुन्या मोटारींसारख्या हुबेहूब. दुकानातनं आनलेलं तयार खेळनं नव्हं बरं का. खोक्यात नुसते सुटे तुकडे यायचे, आन हे एकाला एक चिकटवून, रंगवून मोटार उभी करायचे. दारं उघडायची, चाकं फिरायची, पुढचं झाकन उचललं की आत इंजन, त्याला केसावानी बारीक वायरी. लोक त्यांला मोटारवाले म्हनायचे. सोता मातर सायकलीवर, आन त्या सायकलीलाबी घंटी नव्हती. समोर कुनी आलं की तोंडानंच भोंगा वाजवायचे, तेबी लांबलचक मोटारीच्या दमदार आवाजात. नवा मानूस घाबरून रस्त्याच्या खाली उतरायचा आन बघतो तर काय, सायकल.

हा नाद लागला दुष्काळात. विहिरींचे तळ उघडे पडले व्हते. मी खडी फोडायला जायची, सांच्याला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी दळून भाकर थापायची. ती भाकर तव्यावर पडायच्या आधीच मोडायची, मोडकी तर मोडकी, लेकरांच्या पोटात घालायची. तवा सरकारनं बोर पाडायचं यंत्र धाडलं, त्याच्यासंगं एक गोरा साहेब. दीर त्या यंत्रावर मजूर म्हनून लागले. साहेबाला आल्या आल्या आमचं पानी लागलं आन त्याला धोतर सोडायला वेळ पुरंना, म्हंजी साहेबाची पाटलून. दिरानं डाळिंबाच्या सालीचा काढा करून नेला. साहेब बरा झाला. त्याला रेस्टहाउसात बसून असल्या मोटारी जोडायचा नाद. दीर काढा घेऊन जायचे ते तिथंच बसून ऱ्हायचे. दोघांला एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हनून त्यांचं कधी भांडन झालं न्हाई. जाताना साहेबानं एक खोका दिराच्या हातात दिला, आन मंग दरसाल नाताळाच्या आगंमागं डाकेनं एक खोका यायला लागला. पोस्टमन तो खोका कानापाशी हलवून बघायचा आन दीर लांबनंच वरडायचे, "अरं हलवू नको, आत आरसे हायत!"

खोका उघडायचा म्हनला की आमच्या घरात सोवळं असायचं. आधी आंघोळ, मंग धुतलेलं धोतर. आतले तुकडे चौकटीला लागलेले असतेत, वेलीला शेंगा लागल्यावानी. ते हातानं तोडायचे न्हाईत, अर्ध्या ब्लेडनं सोडवायचे. तवर मला झाडू हातात घ्यायची बंदी. एकदा एका मोटारीचा आरसा, मोहरीएवढा, उडाला. घरातल्या समद्या मानसांनी जागच्या जागी उभं ऱ्हायचं असा हुकूम निघाला. पीठ चाळलं, माझा पदर झटकला, मंग त्यांचा संशय कोंबडीवर गेला. इळभर हा बाप्या त्या कोंबडीच्या मागं मागं, हातात काडी घेऊन, ती कवा बसती आन काय टाकती ते बघत. कोंबडी बिचारी लाजून कनगीमागं लपली. सांच्याला च्या प्यायला बसले तवा कमलनं नुसतं बोट दाखवलं. आरसा त्यांच्या मिशीत अडकलेला. मिशी म्हंजी तशी व्हती, तिच्यात आरसाच काय, अख्खं चाक गेलं असतं.

कमलचं असंच व्हतं. बोलायची न्हाई, दाखवायची. हाव आन न्हाई, ह्याच्यापलीकडं तिच्या तोंडातून शब्द निघायचा न्हाई. मला फिकीर लागून राहिली व्हती की ही सासरी कशी निभनार. पन काकापाशी तासन् तास बसायची, चिकटवलेलं वाळस्तवर दार धरून ठिवायची. बारीक रंगकामाला बुरूस मिळंना तवा दिरानं वासराच्या कानातले केस कापून बुरूस केला, तवाबी वासराची मान तिनंच धरली व्हती. तवापासून ते वासरू दिराला बघितलं की दावं तोडायचं.

टँकरच्या दिवसांतली गोष्ट ऐका. घरटी मोजून पानी. खोक्यात कागदावर बारीक चित्रं यायची, पट्टे, नंबरपाट्या. ती पान्यात भिजवली की कागद सोडतात, मंग अलगद मोटारीवर सरकवायची. त्याला वाटीभर पानी लागायचं. दिरानं दाढी करायचं सोडलं आन ते पानी मोटारीला दिलं. मी म्हनलं, "भावजी, मानसं तोंड धुवायला म्हाग झाली आन तुमच्या मोटारी आंघोळ करतेत."

"आंघोळ कुठं वैनी, नुसती नंबरपाटी."

"नंबर न्हाई लावला तर काय हुतंय?"

"रस्त्यात पोलिसानं धरली म्हंजी?"

"रस्ता कोनता? कोनाड्यातनं चुलीपस्तोर?"

त्यावर ते गंभीर हून म्हनाले, "कायदा तो कायदा वैनी." मंग तेच पानी कोंबडीला पाजलं, तिच्यावर घेतलेल्या संशयाची भरपाई म्हनून.

मोटारींची नावं आमी ठिवली व्हती, गाईम्हशीला ठिवतेत तशी. पांढरी ती ढवळी, लाल ती तांबू, काळी ती चंद्री. दिराला ते खपायचं न्हाई. ते मोटारीला तिच्या सालानं हाक मारायचे. सत्तावन, अठ्ठावन, पंचावन. सगळ्यात लाडकी एकोनसाठ. गुलाबी व्हती, मागं दोन्हीकून उभे पर, मोठ्या माशाला असतेत तसे, आन परांत लाल दिवे. तिच्यावर माशी बसली तर ते माशीला हाकलायचे न्हाईत, फुंकायचे. हात लागून पर मोडू नये म्हनून. लगीन केलं न्हाई त्यांनी. एक जागा आली व्हती, पोरीचा बाप घर बघायला आला. त्यानं पान्याचा तांब्या टेकवायला फळीवर जागा केली आन अठ्ठावन जरा बाजूला सारली. दिरानं त्याच्या हातातनं तांब्या काढून घेतला. सोयरीक तिथंच संपली, पावन्याला पानीबी मिळालं न्हाई.

पोटासाठी ते हापसे दुरुस्त करायचे, सरकारी नोकरी. लातूर नवा जिल्हा झाला तवा लोकांला वाटलं आता नळ येनार, हापिसं येनार, गल्लीत दिवे लागनार. हापशाला काय, त्याला उस्मानाबादबी सारखं आन लातूरबी सारखं, वरडत ऱ्हायचा. पन दिरानं एक दिस समद्या मोटारी उलट्या केल्या आन पोटाखाली बारीक अक्षरात लातूर लिवलं. म्हनाले, "नोंद बदलून घेतली."

त्याच साली कमलचं लगीन ठरलं, बिलोलीच्या घरात. पावसानं पुन्हा दगा दिलेला. तीळ झाले नव्हते, हरबरा जळालेला. रुखवतात लाडू-करंज्यांची ताटं लागतेत, भांडी लागतेत, पोरीच्या हातचं विनकाम लागतं. माझ्याजवळ दोन पातेली आन एक परात. आन इहीनबाईचं नाव असं की थोरल्या सुनेचं रुखवत हलकं व्हतं ते ती अजून सनासुदीला काढती. मी मालकाला म्हनलं, टेबलच नको मांडायला. कमल नुसती परात घासत बसली, घासलेलीच परात पुन्हा घासत. ते दिरानं बघितलं. म्हनाले, "वैनी, टेबल मोकळं ठिवू नका. मी मांडतो."

आन मांडलं की हो! हिरवं कांबळं अंथरलं, रांगोळीनं रस्ते काढले, आन त्यावर समद्या मोटारी, सत्तावन, अठ्ठावन, मधी देवासारखी एकोनसाठ. इहीनबाई आल्या, पदर सावरला, टेबलाला एक येढा घातला.

"बया! लाडू न्हाई, करंजी न्हाई, मोटारी! आमी खायचं काय, टायर?"

तिच्याकडच्या बाया खो खो हसल्या. तवा गयाबाई पुढं झाली, कमरेवर हात, आन नाव घेतलं:

"रुखवतात मांडल्या मोटारी, तेल न्हाई टाकीत,
किसनरावांचं नाव घेते, बसा इहीनबाई डिकीत!"

आता आमच्याकडच्या बाया हसल्या. इहीनबाईनं रागानं बोट पुढं केलं, ढवळीला लावलं, आन टिचकन् दार उघडलं. "अगं बया, दार उघडतंय!" मंग वाकून आत बघितलं. "गादी हाय गं आत!" मंग तिच्या समद्या बाया टेबलावर पडल्या. मला लई भरून आलं. दिरानं जिनगानीची कमाई पुतनीला दिली! मी डोळ्याला पदर लावला आन मांडवभर तेच सांगत सुटले.

दीर तवा कुठं व्हते? हापशापाशी. गर्दीनं दांडा मोडला व्हता. आजवरच्या साऱ्या लग्नांत ते हापशापाशीच असायचे. त्यांनी रुखवत मांडताना बघितलं व्हतं, उचलताना कधी बघितलंच नव्हतं. हात पुसत आले तर टेबलावर नुसतं कांबळं.

"वैनी, माझ्या गाड्या?"

"भरल्या की ट्रंकंत. इहीनबाईनं सोताच्या शालूत गुंडाळल्या."

"कामून?"

"कामून म्हंजी? रुखवत हाय. नवरीसंगं जातंय."

त्यांचं तोंड असं झालं जसं कुनी इंजन काढून घेतलं. "मी तर दाखवायला मांडल्या व्हत्या," एवढंच म्हनाले. तेवढ्यात माझे मालक आले आन जलमात पहिल्यांदा भावाला मिठी मारली. "तू माझ्या लेकीची इज्जत राखली रे." मिठीतनं दीर माझ्याकडं बघत व्हते आन मी त्यांच्याकडं. रुखवतातनं उचललेली वस्तू मागं मागनं म्हंजी पोरीला जलमभराचा टोमना. हे त्यांलाबी कळलं, मलाबी.

टेम्पो सुटायला आला. पहिल्या खेपंला नवरीसंगं एक बाई जाती, पाठराखीन, तिला एकटं वाटू नये म्हनून. गयाबाई गठुडं बांधून तयारच व्हती. तर दीर ट्रंकंवर हात ठिवून म्हनाले, "पाठराखीन म्हनून मी जातो."

बँड थांबला.

गयाबाई म्हनली, "भावजी, लुगडं माझं नेसता का वैनीचं?"

इहीनबाई म्हनली, "याही, आमच्यात पाठराखीन सैपाकाला हात लावती."

"भाकरी येतात मला. हापसाबी दुरुस्त करतो."

इहीनबाईनं इचार केला. "चला मंग. आमचा दिवाळीपासून बंद हाय."

चढताना माझ्या कानात म्हनाले, "समद्या न्हाई वैनी, पन एकोनसाठ तरी पिशवीत घालून आनतो. एवढ्यात एक कुनाच्या ध्यानात येतीय!" आन ट्रंक मांडीवर घेऊन बसले. देगलूरपस्तोर रस्त्याला खड्डा आला की हे ट्रंक वर उचलायचे, असं कमलनं मागून सांगितलं.

पुढचंबी कमलनंच सांगितलं. बिलोलीत नवरी बघायला गल्ली लोटली. ही चालरीतच हाय, बाया येतात, नवरीचं तोंड बघतात, रुखवत बघतात. दीर दारात बसले, खांद्यावर फडका. "हळदीकुंकवाचा हात पुसून जा माय. पराला लावू नका. दार एकदाच उघडायचं, पाळीपाळीनं." बाया इहीनबाईला इचारायच्या, "तुमची पाठराखीन लई कडक हाय वो, मिशीबी हाय." आन मोटारींचं काय इचारलं की इहीनबाईला काय सांगता येतंय? ती म्हनायची, "आमच्या सूनबाईला इचारा." आन आमची कमल, हाव-न्हाईच्या पलीकडं न जानारी, बोलायला लागली. ही सत्तावन. हिचं छप्पर निघतंय. ही चाकाची पांढरी कड वासराच्या केसानं रंगवली, मी वासरू धरलं व्हतं. बाया हसायच्या, पुन्हा सांग म्हनायच्या. दुसऱ्या गल्लीतनं बाया आल्या. थोरली जाऊबी हिच्याजवळ येऊन बसायला लागली.

निघायच्या दिशी सकाळीच दिरानं एकोनसाठ फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली. हापसा चालू केला व्हता, भाकरी थापल्या व्हत्या, पाठराखीनीचा मान म्हनून इहीनबाईनं त्यांची ओटीबी भरली. बाप्यानं उपरनं पुढं केलं आन त्यात नारळ, तांदूळ, चोळीचा खन घेतला, बाया हसून हसून भिताडाला टेकल्या. तेवढ्यात मागच्या आळीतली एक बाई सुनेला घेऊन आली. कमल दाखवायला लागली. ढवळी झाली, तांबू झाली, आन मोकळ्या जागेपाशी बोट आलं. इहीनबाईचीबी नजर तिथंच. दिरानं पिशवी पाठीमागं सरकवली. कमल थांबलीबी न्हाई. म्हनली, "हितं गुलाबी असती. ती काकानं पुसायला घेतली हाय."

दिरानं पिशवीतनं एकोनसाठ काढली. फडक्यानं पुसली, परावर फुंकर मारली, आन जागेवर ठिवली. "घे माय. पुसली."

आमच्या दारात उतरले तवा हातात नारळ आन खन. मी पिशवी चाचपली.

"एकबी न्हाई?"

"न्हाई."

"कामून भावजी?"

मिशीवरनं हात फिरवला. "वैनी, आपल्या घरी त्या मोटारींकडं मी एकटा बघायचो. तिथं समद्या बाया कमलच्या तोंडाकडं बघून राहिल्या व्हत्या." आन तो चोळीचा खन माझ्या हातात दिला. "हे शिवून घ्या. मला काय शोभायचा न्हाई."

त्याच्यापुढं साहेबाचा खोका आला की दीर इचारायचे, औंदा कुनाच्या पोरीचं लगीन हाय, कुनाचं रुखवत हलकं हाय. मोटार जोडायचे ती तिच्यासाठी. गावातल्या कैक पोरी त्या मोटारी घेऊन नांदायला गेल्या, कुनी अहमदपूरला, कुनी लातूरला, कुनी माहूरच्या पायथ्याला. गयाबाईची नात गेली तवा गयाबाईनं डिकीचं नाव पुन्हा घेतलं. आन प्रत्येक खेपंला मांडवात बाया हटकून इचारायच्या, "पाठराखीन कोन जानार, मोटारवाले का?" दीर म्हनायचे, "आता वय झालं माझं, मिशी पांढरी झाली. दुसरी बघा."

खोके कवाच बंद झाले. साहेब हाय का न्हाई, देवाला ठावं. कमलच्या मोटारी तिच्या नंदांच्या, मंग लेकींच्या रुखवतात पुढं गेल्या, गुलाबीबी गेली, एक कुठं अन् एक कुठं. आमच्या घरात आज एकबी मोटार न्हाई. दिराचे डोळे गेलेत. आप्रेशन केलं, पन उजेड-अंधार सोडून काय कळत न्हाई. ओसरीवर बसतेत आन बोटं मांडीवर चालत ऱ्हातेत. परवा मी इचारलं, "भावजी, काय करून राहिले?"

"एकोनसाठीचा डावा पर घासून राहिलोय वैनी."

"आन उजवा?"

"उजवा सकाळीच झाला."

तवा वाचनाऱ्याला एवढंच इनवून सांगते. नांदेडकडं न्हाईतर लातूरकडं, तुमच्या घरात आईच्या न्हाईतर आजीच्या रुखवतातली अशी इतभर मोटार कुठं असंल, तर उदगीरला येनं झालं की संगं घेऊन या. मोडकी असली तरी चालंल. त्यांच्या हातात द्या, च्या पिऊन होईस्तवर ऱ्हाऊ द्या, आन मंग तुमची तुमी परत घेऊन जा.